गाळाची साक्ष आणि जलप्रलयाची कथा

(भंडारा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. बायबलमधील जलप्रलयाला पुरातत्त्वाचा आधार आहे काय, हा प्रश्न भंडाऱ्यात मांडण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. दर काही वर्षांनी 'नोहाची नौका सापडली' अशी बातमी येते. पूर्वी ती पत्रकांतून येत असे, आता ती भ्रमणध्वनीवर येते. महाविद्यालयात जाणारी मुले ती घरी दाखवतात आणि विचारतात, हे खरे आहे का? त्यावर घरातून साधारणतः दोन उत्तरे मिळतात. एक असे, की विज्ञानानेच सिद्ध केले म्हटल्यावर खरेच असणार. दुसरे असे, की ते सारे थोतांड. खरी कथा आपल्या मनूची आणि मत्स्यावताराची. ही दोन्ही उत्तरे पुराव्याकडे न पाहता दिलेली असतात. पुराव्याकडे पाहिले तर काय दिसते, एवढेच मी आज सांगणार आहे. आणि जी कसोटी आपण दुसऱ्याच्या ग्रंथाला लावू तीच आपल्याला स्वतःलाही लावावी लागेल, हे आरंभीच सांगून ठेवतो.

शिवाय हा विषय समजून घेण्यास भंडाऱ्याइतकी योग्य जागा थोडी असेल. ऑगस्ट २०२० चे अखेरचे दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, गोसेखुर्दची सर्व ३३ दारे उघडली गेली आणि वैनगंगा शहरात शिरली. भंडारा, पवनी, लाखांदूर या तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून आणि शेताशेतांतून जे उरले ते आठवा. गाळ. मऊ, बारीक, चिकट, वाळल्यावर पापुद्र्यांनी भेगाळणारा. पुरातत्त्ववेत्ता ज्या पुराव्याचा शोध घेतो तो हाच. पाणी निघून जाते, माणसे विसरतात. गाळ मात्र जमिनीत तसाच राहतो.

आता मूळ कथा थोडक्यात पाहू. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात ती ६ ते ९ या अध्यायांत येते. मानवाच्या दुराचाराने संतापलेला ईश्वर पृथ्वी बुडविण्याचे ठरवतो. नोहा हा एकटा सज्जन. त्याला ३०० हात लांब, ५० हात रुंद आणि ३० हात उंच अशी नौका बांधण्याची आज्ञा होते. ४० दिवस पाऊस पडतो, सर्व उंच पर्वत बुडतात, १५० दिवस पाण्याचा जोर राहतो आणि नौका अराराटच्या पर्वतप्रदेशात टेकते. नोहा कावळा सोडतो, पारवा सोडतो, आणि कोरड्या भूमीची खूण मिळते. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींची बेरीज करून या प्रलयाचे वर्षही काढले होते : इसवी सनापूर्वी २३४८. आजचे अनेक ख्रिस्ती विद्वान हे वर्ष मानीत नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण आपल्याकडे येणाऱ्या पत्रकांत मात्र ही कथा अक्षरशः घडली, आणि साऱ्या पृथ्वीवर घडली, असाच दावा असतो. म्हणून तोच तपासू.

या तपासाची सुरुवात उत्खननाने झाली नाही, एका मातीच्या विटेने झाली. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा एक तरुण काम करीत असे. त्याचा मूळ धंदा नोटांचे ठसे कोरण्याचा. प्राचीन लिपी तो स्वतःच्या हौसेने शिकला. निनेव्ह येथील अशुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयातून आलेल्या फुटक्या विटा लावताना १८७२ साली त्याला एक मजकूर दिसला : नौका डोंगरावर टेकली, पक्षी सोडला, बसायला जागा न मिळाल्याने तो परत आला. आनंदाने स्मिथ इतका बेभान झाला, की तो अंगावरचे कपडे काढू लागला अशी आख्यायिका आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने हे वाचन लंडनच्या विद्वत्सभेत मांडले, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. ही गिल्गमेश महाकाव्यातील अकरावी वीट. पुढे याच कथेच्या आणखी जुन्या प्रती मिळाल्या. अत्राहसीस नावाच्या काव्याच्या प्रती तर इसवी सनापूर्वी सतराव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. बायबलमधील कथेला आज असलेले रूप येण्याच्या कितीतरी आधी ही कथा तैग्रिस आणि युफ्रेटीस या नद्यांच्या काठी सांगितली जात होती. ज्यू लोकांचे पूर्वज त्याच भूमीशी संबंधित होते, पुढे बॅबिलोनमध्ये बंदिवासातही राहिले. कथा कोठून आली, याचा बहुतेक उलगडा येथेच होतो.

इंग्लंडमध्ये मात्र पुष्कळांनी याचा अर्थ उलटा लावला. दुसऱ्या एका राष्ट्राच्या जुन्या ग्रंथातही तीच कथा आहे, म्हणजे बायबल सिद्ध झाले! एका दैनिकाने पैसे देऊन स्मिथला पुढच्या वर्षी निनेव्हला धाडले आणि प्रलयकथेचा आणखी एक तुकडा त्याला तेथे मिळालाही. त्यावरचा उत्साह सहज समजण्यासारखा आहे. आपल्याकडे एखाद्या मूर्तीच्या किंवा शिलालेखाच्या बातमीने असाच उत्साह येतो. परंतु दोन ग्रंथांत एकच कथा असली म्हणजे एकाने दुसऱ्याकडून ऐकली किंवा दोघांनी तिसऱ्याकडून ऐकली, एवढेच सिद्ध होते. घटना घडली की नाही, हे जमिनीलाच विचारावे लागते.

जमिनीला विचारण्याचे काम केले लिओनार्ड वुली यांनी. दक्षिण इराकमधील उर या प्राचीन नगराचे उत्खनन त्यांनी १९२२ ते १९३४ या काळात केले. सुप्रसिद्ध राजघराण्याच्या दफनभूमीखाली खोल खड्डा घेत असता मातीची भांडी मिळणे एकाएकी थांबले आणि स्वच्छ, नितळ गाळ लागला. कामगारांना वाटले, तळ लागला. वुलींनी खणणे चालू ठेवले. काही फूट गाळानंतर पुन्हा भांडी, पुन्हा मानवी वस्तीच्या खुणा! नंतर घेतलेल्या मोठ्या खड्ड्यात हा थर ११ फुटांपर्यंत जाड भरला. वुलींच्या पत्नी कॅथरिन तेथे होत्या. हा अर्थातच तो जलप्रलय, असे त्या सहज बोलून गेल्या, हे वुलींनीच नमूद केले आहे. १९२९ मध्ये ही बातमी जगभर झळकली. आजही ज्या पत्रकात 'पुरातत्त्वाने बायबल सिद्ध केले' असे छापलेले असते, त्यात बहुधा उरचेच नाव असते.

मंडळी, येथे थोडे थांबू. गाळ मिळाला ही गोष्ट निर्विवाद. पण गाळ पाहिल्यावर अनुभवी उत्खननकर्ता लगेच पुढचे विचारतो. हा गाळ कोणी आणला, नदीने, समुद्राने की वाऱ्याने? तो किती दूर पसरला आहे? त्याचा काळ कोणता? आणि सर्वांत महत्त्वाचे, गाळाच्या खाली राहणारे लोक आणि गाळाच्या वर राहणारे लोक वेगळे आहेत की तेच? शेवटचा प्रश्न आपल्याला सहज कळेल. २०२० च्या पुरानंतर ज्या घरात गाळ साचला, त्याच घरात तेच कुटुंब परतले, तीच भांडी घासून घेतली, तीच चूल सारवली. उद्या हजार वर्षांनी कोणी खणले तर त्याला गाळाच्या खाली आणि वर एकच संस्कृती दिसेल. त्यावरून तो म्हणेल, पूर आला आणि गेला, माणसे टिकली. सारी मानवजात बुडून एकाच कुटुंबातून पुन्हा वाढली असती, तर वरच्या थरात काही तरी निराळेच दिसले असते.

उरमध्ये काय दिसले? गाळ नदीचाच होता. तो सर्व खड्ड्यांत नव्हता; नगराच्या काही भागांत मिळाला, काही भागांत मुळीच नाही. ज्या उबैद संस्कृतीच्या लोकांची भांडी गाळाखाली होती, त्याच लोकांच्या कबरी गाळात वरून खणलेल्या आढळल्या. म्हणजे तेच लोक परत आले. आणि उरपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या एरिदु या त्याहून जुन्या नगरात अशा गाळाचा मागमूस नाही. ज्या पुराने २० किलोमीटरवरचे गाव बुडाले नाही, त्याने हिमालय बुडवला असे कसे म्हणावे?

पुढे किश येथेही गाळाचे थर मिळाले, पण ते उरच्या थराहून बरेच अलीकडचे निघाले. शुरुप्पक येथे १९३१ साली मिळालेला थर इसवी सनापूर्वी २९०० च्या आसपासचा. हा थर लक्ष देण्यासारखा आहे, कारण मेसोपोटेमियाच्या कथेत नौका बांधणारा नायक शुरुप्पकचाच राहणारा आहे आणि सुमेरच्या राजावलीतही 'प्रलयापूर्वीचे राजे' आणि 'प्रलयानंतरचे राजे' असा भेद केलेला आहे. वुलींचे सहायक राहिलेले मॅक्स मॅलोवन यांनी १९६४ मध्ये या सर्व थरांचा पुन्हा विचार करून असा निष्कर्ष मांडला, की कथेच्या मागे एखादा खराच मोठा पूर असला तर तो उरचा नव्हे, शुरुप्पक आणि किशच्या काळातील असावा. मला हे मत पटण्यासारखे वाटते. सपाट मैदान, दोन मोठ्या नद्या, वसंतात वितळणारे उत्तरेकडील बर्फ, आणि क्षितिजापर्यंत एकही टेकडी नाही. अशा मुलखात एखाद्या वर्षी पाण्याने नगर गिळले, तर वाचलेल्या माणसाला सारी पृथ्वीच बुडाली असे वाटणार. त्याने खोटे सांगितले असे म्हणण्याचे कारण नाही. त्याची पृथ्वी तेवढीच होती.

आता 'साऱ्या पृथ्वीवर' या दाव्याचे काय? अशरांचे वर्ष घ्या, इसवी सनापूर्वी २३४८. त्या वर्षी आपल्याकडे मोहेंजोदडो आणि हडप्पा भरभराटीत होती, कच्छमध्ये धोलावीरा नांदत होते. मिसरमध्ये गिझाचे पिरॅमिड बांधून दोनशेच्या वर वर्षे झाली होती आणि राजांची परंपरा खंड न पडता पुढे चालली. मोहेंजोदडोत पुराचे थर आहेत, एकदा नव्हे तर अनेकदा आलेल्या पुरांचे. आणि प्रत्येक वेळी लोकांनी त्यावर पुन्हा विटा रचल्या आहेत. वर्ष मागे नेले तरी अडचण सुटत नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इसवी सनापूर्वी ७००० च्या सुमारापासून हजारो वर्षे वस्तीची साखळी आहे. ग्रीनलंडच्या बर्फात वर्षागणिक साचलेले थर लाखभर वर्षे मागे जातात. मध्येच खारे पाणी शिरून ते विस्कटलेले नाहीत. युरोपातील ओक आणि पाइन वृक्षांच्या वलयांची मालिका १२,००० वर्षांहून अधिक अखंड जुळवलेली आहे. जगभर एकाच काळी साचलेला प्रलयाचा थर कोणत्याही खंडात मिळालेला नाही.

कोणी म्हणेल, डोंगरांवर सागरी शिंपले सापडतात ते कसे? सापडतात. आपल्या जिल्ह्यातही समुद्राची खूण आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे जे मँगनीज निघते, त्याचे मूळ अवसाद प्राचीन समुद्रतळावर साचले होते. पण ही गोष्ट कोट्यवधी नव्हे, अब्जावधी वर्षांच्या हिशेबातील आहे. त्या काळी नौकेत बसायला माणूस तर सोडाच, साधा मासाही जन्माला आला नव्हता.

नौकेच्या बातम्यांविषयी फार बोलत नाही. अराराटवरून १९५५ साली एका फ्रेंच गिर्यारोहकाने आणलेले लाकूड पुढे कार्बन कालमापनात इसवी सनानंतरच्या शतकांतले निघाले. तुर्कस्तानातील ज्या नौकाकृती टेकाडाची छायाचित्रे १९५९ पासून फिरतात, ती भूशास्त्रज्ञांच्या मते निसर्गाचीच रचना आहे. काळ्या समुद्राचे मत मात्र गंभीर संशोधकांचे आहे. विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन यांनी १९९० च्या दशकात असे मांडले, की सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी बॉस्फरस फोडून काळ्या समुद्राच्या तेव्हाच्या सरोवरात कोसळले आणि काठचे लोक देशोधडीला लागले. नंतरच्या अभ्यासांत ही भर इतकी प्रचंड किंवा इतकी आकस्मिक नव्हती असे सांगणारे पुरावे पुढे आले, आणि वाद अजून चालू आहे. पण मूळ सिद्धांत जसाच्या तसा मानला तरी तो एका समुद्राच्या काठापुरताच आहे.

या ठिकाणी आपल्या विदर्भातील एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. आपल्या व्यासपीठावरून ते घेतले जाईल अशी अपेक्षा कदाचित कोणाची नसेल. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. त्यांच्या धर्मांतराच्या कार्याविषयी आपले मत स्पष्ट आहे आणि ते येथे झाकण्याचे कारण नाही. पण हा माणूस निष्ठावंत भूशास्त्रज्ञही होता. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूस्तरांचा अभ्यास लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १८५५ साली प्रसिद्ध केला. सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळीजवळ लाव्हाच्या थरांमध्ये दबलेले शंखशिंपले त्यांनी गोळा केले. बायबलवर अढळ श्रद्धा असणाऱ्या माणसाला 'हे पाहा नोहाच्या प्रलयाचे अवशेष' असे लिहिणे किती सोपे होते! हिस्लॉप यांनी शिंपल्यांची जात पाहिली आणि लिहिले, की हे गोड्या पाण्यातले जीव आहेत, हे थर तळ्यांतले आहेत. आपल्या ग्रंथाच्या बाजूने पुरावा वाकवण्याचा मोह त्यांनी टाळला. त्या आधीच, १८३१ साली, केंब्रिजचे प्राध्यापक आणि स्वतः धर्मोपदेशक असलेले ॲडम सेजविक यांनी भूशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदावरून जाहीरपणे मान्य केले होते, की वरवरच्या वाळूगोट्यांच्या थरांचा संबंध आपण नोहाच्या प्रलयाशी जोडत होतो तो चुकीचा होता. बायबलच्या प्रलयाचा भूशास्त्रीय दावा मुख्यत्वे पाडला तो अशा श्रद्धाळू ख्रिस्ती संशोधकांनीच.

हिस्लॉप यांचा अंतही पुरातच झाला. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री घोड्यावरून परतताना बोरीजवळच्या दुथडी भरलेल्या नाल्यात ते वाहून गेले. त्यांनी जमवलेल्या कागदांत गोंडांच्या लिंगोचे गीत होते. मध्य प्रांताचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड टेम्पल यांनी ते १८६६ मध्ये संपादून छापले. त्या गीतातही पूर आहे. नदीला पाणी चढलेले असते, मगर गोंडांना दगा देते आणि कासव त्यांना पाठीवरून पार नेते. आपल्या पूर्व विदर्भाची ही स्वतःची पूरकथा. तिच्यात सारे जग बुडत नाही. नदी बुडवते आणि कासव तारते, एवढेच. मला ती फार खरी वाटते.

आता दुसऱ्या तागडीकडे वळतो. मनूची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत लहानसा मासा येतो, मला वाढव, मी तुला तारीन म्हणतो. पुढे त्याच्या शिंगाला नौकेचा दोर बांधून मनू उत्तरेच्या पर्वतावर पोहोचतो. महाभारताच्या वनपर्वात ती हिमालयाशी जोडली आहे, मत्स्यपुराणात मनूचे तप मलय पर्वतावर चालते, भागवतात नायक द्रविड देशीचा राजा सत्यव्रत आहे आणि मासा कृतमाला नदीत मिळतो. प्रत्येक प्रदेशाने कथा आपल्या नदीला आणि आपल्या पर्वताला बांधली. एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे : शतपथातील प्रलय हा देवाच्या क्रोधाची शिक्षा नाही. पाणी येणार आहे, सावध हो, इतकेच मासा सांगतो. या भेदावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. पण पुरातत्त्वाचा प्रश्न विचारला तर उत्तर तेच द्यावे लागेल. साऱ्या पृथ्वीवरील प्रलयाचा थर नोहासाठी नाही, तसा मनूसाठीही नाही. नोहाला जमिनीचा दाखला मागायचा आणि मनूला तो माफ करायचा, हे चालणार नाही.

मग आपल्या परंपरेत पुरातत्त्वाने दुजोरा दिलेला पूर आहे की नाही? आहे, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. पुराणांत असे सांगितले आहे, की परीक्षिताच्या वंशातील निचक्षू राजाच्या काळी गंगेने हस्तिनापूर वाहून नेले आणि त्याने राजधानी कौशांबीला हलवली. प्रा. ब्रजवासी लाल यांनी १९५० ते १९५२ या काळात हस्तिनापूरचे उत्खनन केले. चित्रित राखाडी भांड्यांच्या थराचा मोठा भाग नदीने खरवडून नेल्याचे त्यांना दिसले. इतकेच नव्हे, तर नदीच्या जुन्या पात्रात वस्तीच्या मातीची ढेकळेही मिळाली. त्यानंतर ती जागा काही काळ ओस पडली होती. ग्रंथ एक नदी सांगतो, एक नगर सांगतो, एक राजा सांगतो आणि एक स्थलांतर सांगतो. म्हणून ते तपासता येते. येथेही लाल यांनी पूर सिद्ध झाला म्हणजे महाभारतातील प्रत्येक प्रसंग सिद्ध झाला, असे म्हटले नाही. उरच्या बातमीत आणि हस्तिनापूरच्या अहवालात जो फरक आहे, तो हाच.

द्वारकेबाबतही हाच विवेक हवा. शिकारीपुर रंगनाथ राव यांनी १९८३ पासून समुद्रात शोध घेतला. बेट द्वारकेत हडप्पोत्तर काळाची वस्ती निश्चित मिळाली, शंखाची मुद्रा मिळाली. द्वारकेच्या समुद्रनारायण मंदिरासमोर पाण्यातील जे दगडी बांधकाम आणि नांगर आहेत, ते मात्र बरेच उत्तरकालीन बंदराचे असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पुढे दाखवले. २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे पुन्हा पाण्याखालचे काम हाती घेतले, हे योग्यच झाले. आणि खंभातच्या आखाताचे प्रकरण तर आपल्या सर्वांना आठवत असेल. जानेवारी २००२ मध्ये केंद्र सरकारच्या वतीने जाहीर झाले, की समुद्राखाली ९,५०० वर्षांपूर्वीचे नगर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेढे वाटावेत इतका आनंद होता. पण ज्या लाकडाच्या तुकड्यावरून काळ काढला, तो तळ खरवडून वर आणलेला होता. खंभातसारख्या आखातात, जिथे भरती-ओहोटीचा वेग भयंकर असतो, तिथे एखादे जुने लाकूड कुठूनही वाहत येऊ शकते. लाकूड जुने आहे, याने नगर जुने ठरत नाही. अराराटच्या लाकडावर आपण हसलो ना? मग येथे तो तुकडा आपल्या बाजूने आहे म्हणून गप्प कसे बसायचे?

शेवटच्या हिमयुगानंतर सागराची पातळी जगभर सुमारे १२० मीटर वाढली, खंभातचे आखात एके काळी कोरडी जमीन होते, हे सत्य आहे. त्याची अंधूक स्मृती मानवजातीत राहिली असेल काय? असेलही. पण ही वाढ हजारो वर्षांत झाली. नौका बांधायला सात दिवस मिळावेत अशी ती नव्हती. तो तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि तर्क म्हणूनच सांगावा.

आता आपल्या अंगणात येतो. पवनी. वैनगंगेच्या उजव्या तीरावरचे हे नगर. तीन बाजूंना मातीचा कोट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. आपल्या पूर्वजांनी नदीला वैरी न मानता पहारेकरी मानले. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली भव्य स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. फण्याचे छत्र धरणारा नागराज मुचलिंदही तेथे कोरलेला आहे. तोही, गंमत पाहा, पावसापासून बुद्धाचे रक्षण करणारा. १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा काम केले. या नगराने दोन हजारांहून अधिक वर्षांत वैनगंगेचे किती पूर पाहिले असतील? नर्मदेच्या काठी प्रा. विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडकांच्या आडोशाला साचलेल्या गाळाच्या थरांवरून गेल्या हजारो वर्षांतील महापुरांचा आलेख मांडला. वैनगंगेसाठीही असे काम झाले पाहिजे. आणि ते लवकर झाले पाहिजे, कारण १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाने नदीचा स्वभाव बदलला आहे. धरणाच्या वर पाणी तुंबून राहते; आंभोऱ्याचा पंचनद्यांचा संगम, जिथे मुकुंदराजांनी विवेकसिंधू लिहिला असे मानणारी परंपरा आहे, तोही आता जलाशयाच्या कुशीत आहे. धरणाच्या खाली पवनीला जे पाणी येते ते दारे उघडतील तसे येते.

आपल्यापैकी कोणी विचारील, यात आम्ही काय करावे? मोठे काही नाही. २०२० मध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांनी भिंतीवरची खूण पुसली नसेल तर ती जमिनीपासून मोजावी आणि गावाचे नाव, तारीख, वेळ यांसह लिहून ठेवावी. शेतात किती बोटे गाळ साचला होता तेही लिहावे. देवळाच्या पायऱ्यांवर किंवा घाटावर जुन्या पुराच्या रेषा कोरलेल्या असतील तर त्यांची छायाचित्रे घ्यावीत. घरातील आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे आणि ते ज्या झाडाचे किंवा ओट्याचे नाव घेतील ते टिपून घ्यावे. शाळेतील मुलांनी एका उन्हाळ्यात हे सहज होईल. ही टिपणे नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागापर्यंत पोहोचवता येतील. आणि पवनीच्या मंडळींना एक विनंती : कोटाची माती घरबांधणीसाठी उचलू नये, शेत नांगरताना जुनी वीट किंवा कोरीव दगड लागला तर तो आहे तिथेच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. वस्तू जागेवरून हलली, की ती कोणत्या थरातली होती ते कायमचे हरवते.

वेळ बरीच झाली आहे. प्रश्न असतील त्यांनी थांबावे. ज्यांना लाखांदूरची शेवटची बस गाठायची आहे त्यांनी संकोच न करता निघावे. नमस्कार.